बैठकीच्या खोलीतलं विमान

हवाई दलाकडून आलेल्या त्या पत्रात एकूण बावीस सूचना होत्या. त्यातली सातवी रीडिंगवाल्यांनी मनातल्या मनात वाचली असती, तर पुढचे तीन महिने त्या घरात सुखाचे गेले असते. पण माणूस पडला मीटर रीडर. सव्वीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचत आलेला, आणि वाचलेला आकडा मोठ्याने म्हणायची सवय हाडीमाशी मुरलेली. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि सातवी सूचना जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटली.

"ही चाचणी उमेदवाराला आयुष्यात एकदाच देता येईल. नापास झाल्यास पुन्हा संधी नाही."

"माहितेय, बाबा," ठमी म्हणाली. ठमी त्यांची एकुलती एक मुलगी. वय बावीस. विमान चालवायचं खूळ तिच्या डोक्यात कधी शिरलं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शिरलं होतं आणि निघत नव्हतं, एवढं मात्र खरं.

"एकदाच म्हणजे काय? ही काय पद्धत झाली? गाडीच्या लायसन्सला हवं तितक्यांदा बसता येतं. मी स्वतः चौथ्या खेपेला पास झालो."

"ते साऱ्या बिल्डिंगला माहितेय," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. रीडिंगवाल्यांनी ते ऐकलं नाही. बायकोचं काय ऐकायचं आणि काय नाही, याबाबतीत त्यांचा कान फार तयार होता.

मग ठमीने चाचणी समजावून सांगितली. भाग दोन. पहिल्या भागात विमानातल्या तबकड्यांची चित्रं दाखवतात. सुया पाहून सांगायचं, विमान वर चाललंय की खाली, डावीकडे कललंय की उजवीकडे. दुसऱ्या भागात एका खुर्चीत बसवतात. हातात दांडी, पायाखाली दोन पायटे, म्हणजे पेडलं, समोर पडद्यावर एक उजेडाचा ठिपका. तो ठिपका सारखा भटकतो आणि त्याला हातापायांनी चौकटीत धरून ठेवायचं. तयारीच्या क्लासात तसली यंत्रं असतात, पण गावातल्या एकुलत्या एका क्लासाच्या जागा केव्हाच भरल्या होत्या.

"क्लास कशाला हवा?" रीडिंगवाले ताठ झाले. "तबकड्या म्हणालीस ना? अगं, तबकड्या वाचण्यात माझा जन्म गेलाय!"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आता, जुन्या विजेच्या मीटरचा एक कायदा असतो. शेजारशेजारच्या दोन तबकड्या नेहमी उलटसुलट फिरतात आणि सुई दोन आकड्यांच्या मधे असली की लहान आकडा धरायचा. रीडिंगवाल्यांनी हा कायदा ठमीच्या डोक्यात आठ दिवस घोटून घोटून बसवला. विमानाच्या तबकड्यांना हा कायदा लागू आहे का, हा प्रश्न त्यांना पडला नाही, आणि वडिलांना पडला नाही तो आपण कसा पाडायचा म्हणून ठमीही गप्प बसली. आठव्या दिवशी तिने सरावाच्या पुस्तकातले पन्नास प्रश्न सोडवले. एकोणीस बरोबर आले.

"पुस्तकाची छपाई चुकलीय," रीडिंगवाले म्हणाले.

"शिकवणीच्या आधी एक्केचाळीस येत होते," आई म्हणाली.

त्यानंतर तबकड्यांचा विषय घरात निघाला नाही. ठमी तो भाग आपल्या खोलीत दार लावून करू लागली. रीडिंगवाल्यांना ते लागलं. चारचौघांत त्यांनी तसं दाखवलं नाही, पण त्या दिवशी मीटर वाचताना त्यांनी एका म्हातारीला उगाचच 'तुमच्या मीटरवर धूळ फार' असं सुनावलं. माणसाचा अपमान झाला की तो एक तर झोपतो, नाहीतर काहीतरी मोठं करायला निघतो. रीडिंगवाल्यांना दुपारी झोप येत नसे.

"यंत्र मी बनवतो," ते जेवताना म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग बैठकीच्या खोलीकडे पाहिलं, आणि शोकेसमधल्या काचेच्या वस्तू उचलून कपाटात ठेवायला लागली. तिचा अनुभव दांडगा होता.

खुर्ची कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने दिली. दाढीची जुनी, वरखाली होणारी, फिरणारी, लोखंडी खुर्ची. ती चौघांनी मिळून जिन्यातून वर आणली तेव्हा दोन मजल्यांच्या भिंतींचे पोपडे उडाले. "फर्स्ट क्लास चीज आहे," सलूनवाला म्हणाला. "फक्त एक आहे, बसलं की हळूहळू खाली जाते." हे 'फक्त' त्याने दारातून बाहेर पडता पडता सांगितलं. ठमी खुर्चीत बसली की सुरुवातीला तिचे पाय पायट्यांना टेकत नसत आणि दहा मिनिटांनी गुडघे हनुवटीला लागत. मधली चार मिनिटं काय ती कामाची.

बाकीच्या यंत्राला वरच्या मजल्यावरचे लिफ्टवाले आले. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. दोऱ्या आणि कप्प्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी छताच्या हुकाला एक टॉर्च टांगला, त्याला चार दोऱ्या बांधल्या, दोऱ्या कप्प्यांवरून खाली आणल्या आणि त्यातल्या दोन फरशी पुसायच्या एका दांडीला व उरलेल्या दोन पायट्यांना जोडल्या. दांडी हलवली की टॉर्च वरखाली, पायटे दाबले की डावीउजवीकडे. समोरच्या भिंतीवर लाल चिकटपट्टीची चौकट. टॉर्चला एक पाचवी दोरीही होती. ती रीडिंगवाल्यांच्या हातात. ती म्हणजे वारा. ठमीचा ठिपका चौकटीत स्थिरावला रे स्थिरावला की ते मागून हिसका द्यायचे आणि ओरडायचे, "वादळ!"

सगळं छान जमलं होतं. फक्त दांडी कुठे ढकलली की ठिपका वर जावा, यावरून दोघांचं वाजलं.

"पुढे ढकलली की वर," रीडिंगवाले म्हणाले. "चढावर गाडी आपण पुढे ढकलतो की नाही?"

"छे हो! मागे ओढली की वर. वजन वर घ्यायचं तर दोर आपल्याकडेच ओढतात. बावीस वर्षं लिफ्टी चढवतोय मी."

"लिफ्ट वेगळी, विमान वेगळं."

"आणि हातगाडी वेगळी नाही वाटतं?"

"बाबा, नेटवर बघूया का?" ठमीने विचारलं.

"नेटवर कुणीही काहीही लिहितं," रीडिंगवाले म्हणाले. प्रश्न आता विमानाचा उरला नव्हता. घर कुणाचं, मुलगी कुणाची आणि टॉर्च कुणाचा, हा होता. पुढे ढकलली की वर, असं ठरलं. लिफ्टवाले 'बरं' म्हणून वर गेले.

पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही लिफ्ट उलटी बांधली नाही, त्याला खालच्या मजल्यावर एक उलटी दोरी आहे म्हटल्यावर जेवण कसं गोड लागणार? दुसऱ्याच दिवशी रीडिंगवाले कामावर गेल्यावर ते 'कप्पीला तेल घालतो' म्हणून आले आणि दोऱ्या बदलून गेले. संध्याकाळी रीडिंगवाल्यांनी दांडी पुढे ढकलली, ठिपका खाली गेला. "गाठ सरकली," ते म्हणाले, आणि पुन्हा आपल्या मनासारखी बांधली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेल. पुन्हा गाठ सरकली. रीडिंगवाले दर वेळी म्हणायचे, आजकाल दोऱ्याच खराब येतात. ठमी दोघांनाही काही बोलली नाही.

आठवडाभरात आणखी एक भानगड झाली. रीडिंगवाल्यांनी एका संध्याकाळी 'वादळ' जरा जोरात केलं आणि टॉर्चचा झोत खिडकीतून निघून समोरच्या घरात गेला. तिथे राहायच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या ताटावर बसल्या होत्या. आधी त्यांच्या ताटावर, मग नाकावर, मग यजमानांच्या तसबिरीवर उजेडाचा गोळा नाचायला लागला. दहाव्या मिनिटाला बाई दारात हजर.

"काय चाललंय हे?"

ठमीने सगळं सांगितलं. बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. "घड्याळ लाव गं," म्हणाल्या. ठिपका त्यांनी चौदा सेकंद चौकटीत ठेवला. मग रीडिंगवाले बसले. रीडिंगवाल्यांचा ठिपका चौथ्या सेकंदाला छताला गेला.

"मी परीक्षक आहे, उमेदवार नाही," ते कपडे झटकत म्हणाले.

झालं! बातमी बिल्डिंगभर पसरली. रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीत रांग लागायला लागली. बाईंनी एक वही आणून सगळ्यांचे सेकंद मांडायला सुरुवात केली. सलूनवाला अकरा. लिफ्टवाले सतरा, पण त्यांनी ते खुर्चीत न बसता वाकून काढले म्हणून बाद. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई एकवीस, आणि तेही दुसऱ्या हाताने फोनवर पेशंटला वेळ देत. ठमीचे कधी साठ, कधी नव्वद, कधी एकदम सहा. रीडिंगवाल्यांचे चार. नेहमी चारच. प्रत्येकजण ठमीला जाता जाता सल्ला देई. डोळे मिचकावू नकोस. खूप मिचकाव. दांडी घट्ट धर. बोटांनीच धर. आई रांगेतल्या लोकांना पाणी देऊन देऊन दमली. एके दिवशी तीही त्या खुर्चीत बसली, पण दांडीला हात न लावता. खुर्ची पूर्ण खाली जाईपर्यंत डोळे मिटून बसून राहिली आणि म्हणाली, "या घरात बसायला तेवढी एकच जागा उरलीय."

चाचणीला पंधरा दिवस राहिले तेव्हा रीडिंगवाल्यांना एकविसावी सूचना दिसली. 'ही चाचणी यापूर्वी दिलेली नाही, असं प्रतिज्ञापत्र सोबत आणावं.'

प्रतिज्ञापत्राच्या कचेरीत एकच खिडकी आणि खिडकीत एकच कारकून. त्याने कागद उलटसुलट पाहिला.

"चाचणी दिलेली नाही?"

"नाही."

"पुरावा?"

"कशाचा?"

"न दिल्याचा."

"अहो, जे केलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणू?"

"ज्यांनी चाचणी घेतली नाही त्यांच्याकडून लिहून आणा, की आम्ही हिची चाचणी घेतलेली नाही." मग त्याने मान वर करून रीडिंगवाल्यांकडे नीट पाहिलं. "तुम्ही मीटरवाले ना? दार सताड उघडं होतं, मी आत दाढी करत होतो, आणि तुम्ही 'घर बंद' लिहून गेलात. ते तुम्हीच ना?"

रीडिंगवाल्यांना घाम फुटला. असं त्यांनी सव्वीस वर्षांत दोनदाच केलं होतं, दोन्ही वेळा कुत्रं बघून. त्यातलं एक घर या माणसाचं निघावं! पुढच्या सहा दिवसांत त्या खिडकीवर त्यांनी चार चकरा मारल्या. दर वेळी कारकून समोर बसलेला असताना खिडकीत पाटी असे, 'खिडकी बंद'. शेवटी ठमी स्वतः गेली आणि पाच मिनिटांत कागद घेऊन आली.

"काय सांगितलंस त्याला?"

"म्हटलं, काका, खरंच नाही दिली. तो म्हणाला, बरं."



चाचणीच्या दिवशी हवाई दलाच्या तळावर ठमीबरोबर रीडिंगवालेच गेले. ठमीची बॅग त्यांनी स्वतः धरली होती. ती आत गेली आणि पालकांना एका मोठ्या खोलीत बसवलं गेलं. खोलीच्या कोपऱ्यात चाचणीचं एक जुनं, निवृत्त यंत्र ठेवलं होतं. वर पाटी, 'बसून पाहा'. शेजारी स्टुलावर एक तितकेच निवृत्त मिशीवाले. रीडिंगवाल्यांच्या अंगात वीज संचारली. तीन महिन्यांचा परीक्षक तो! बाकीचे पालक बिचकत असताना ते खुर्चीत जाऊन बसले, मिशीवाल्यांना मानेने 'लावा' अशी खूण केली आणि ठिपका वर न्यायला दांडी पुढे ढकलली.

ठिपका खाली गेला आणि पडद्यातून नाहीसा झाला. दोन सेकंद.

"उलटं केलंत, साहेब," मिशीवाले म्हणाले. "मागे ओढलं की वर. सगळ्या विमानांत तसंच असतं."

"सगळ्या?"

"झाडून सगळ्या."

रीडिंगवाले खुर्चीतून उठले. लिफ्टवाल्यांनी बरोबर बांधलेली दोरी त्यांनी सोडून उलटी बांधली होती. एकदा नाही, दोनदा नाही, तीन महिने. स्वतःच्या हातांनी, घट्ट, दुहेरी गाठ मारून. आणि पोरीला आयुष्यात एकदाच बसायला मिळणार होतं. लायसन्सला ते तीनदा नापास झाले तेव्हा घरी येऊन जेवले होते, झोपले होते, पुढच्या महिन्याची तारीख घेतली होती. ठमीला तारीख नव्हती. ते बॅग उराशी धरून थेट आतल्या गेटकडे पळत सुटले.

"थांबा!" पहारेकरी म्हणाला.

"आत माझी मुलगी आहे. तिला निरोप द्यायचाय. तीनच शब्द आहेत हो. मागे म्हणजे वर!"

पहारेकऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग उराशी धरलेल्या बॅगकडे पाहिलं. "पुन्हा सांगा."

"मागे म्हणजे वर! तिला कळेल बरोबर!"

आता तुम्हीच सांगा, लष्करी गेटवर घामाघूम झालेला, बॅग कवटाळलेला माणूस आत असला निरोप पाठवायला बघतो, तर पहारेकऱ्याने काय समजायचं? पाचव्या मिनिटाला रीडिंगवाले एका बारक्या खोलीत बसले होते, बॅगमधले ठमीचे कपडे टेबलावर घडी करून मांडले होते आणि समोर कोरे कागद होते. "निरोपाचा अर्थ काय, तो सविस्तर लिहा." त्यांनी सविस्तर लिहिला. सलूनची खुर्ची, ती खाली का जाते, लिफ्टवाले, तेल, दुहेरी गाठ, मुख्याध्यापिकांचं ताट, सगळं. चार पानं झाली. शेवटी त्यांनी लिहिलं, 'चूक सर्वस्वी माझी असून उमेदवाराचा दोष नाही. तरी तिला आणखी एक संधी मिळावी, ही विनंती. हवं तर मला आयुष्यभर कुठल्याच परीक्षेला बसू देऊ नये.' आणि खाली सही केली.

एक अधिकारी बाई आल्या. त्यांनी चारही पानं वाचली. तिसऱ्या पानावर त्यांनी ओठ दाताखाली धरले, पण हसल्या नाहीत. मोठ्या शिस्तीच्या बाई.

"निरोप आत जाणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि चाचणी तासापूर्वीच संपलीय. तुम्ही बाहेर बसा. जे नापास होतात त्यांना आम्ही मागच्या दाराने बसमध्ये बसवून स्टेशनवर पोचवतो, त्यांचे पालक तिथेच त्यांना भेटतात. जे पास होतात त्यांना इथेच थांबायचं असतं, मुलाखती असतात, डॉक्टर तपासतात. ते सामान न्यायला या गेटवर येतात."

रीडिंगवाल्यांनी कपडे पुन्हा बॅगेत भरले. घडी काही त्यांना जमली नाही. गेटसमोरच्या बाकावर बसून ते काय बोलायचं ते जुळवू लागले. 'ठमे, हे बघ, विमानात असं काय आहे?' नको. 'ठमे, मला माफ कर.' हे बरं होतं. ते त्यांनी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. मागच्या बाजूने बस सुरू झाल्याचा आवाज आला. ती समोरून गेली, बसभर मुलं होती. रीडिंगवाले उठले आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.

"बाबा! कुठे निघालात? बॅग द्या ना!"

गेटात ठमी उभी होती. छातीवर आकडा लिहिलेला पांढरा बिल्ला. रीडिंगवाले जागच्या जागी खिळले.

"तू बसमध्ये नाहीस?"

"मी पास झाले, बाबा! अठ्ठावीस जण होतो, तिघेच राहिलो. काय झालं माहितेय, क्लासवाले सगळे एकाच यंत्रावर शिकलेले. इथलं यंत्र जरा सैल होतं, पायटे जड, दांडी उशिरा ऐकायची. ते गोंधळून गेले. आणि मला तर सवयच! आपलं यंत्र एक दिवस तुमचं ऐकायचं, एक दिवस लिफ्टवाल्या काकांचं. खुर्ची तर कुणाचंच ऐकायची नाही. त्यामुळे बसल्याबरोबर मी आधी दांडी हलवून बघते, आज हिचा काय विचार आहे. मग धरते."

"तुला ठाऊक होतं? मागे म्हणजे वर?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

ठमीने खांदे उडवले. "तुम्ही इतकी घट्ट गाठ मारत होता, बाबा."

रीडिंगवाल्यांना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना नुसतीच उचकी लागली. ठमीने बॅगेला हात घातला. त्यांनी बॅग पुढे केली, पण पट्टा सोडला नाही. तीन महिने ते परीक्षेच्या मागे हात धुऊन लागले होते. ठिपका, चौकट, सेकंद. ठिपका चौकटीत राहिला की ही पोर खरोखरच्या विमानात जाऊन बसणार, आणि ते विमान खरोखरच जमीन सोडणार, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

"बाबा, सोडा ना. तो पहारेकरी बघतोय."

"तुझं डॉक्टर-बिक्टर सगळं झालं, आणि घेतलंच तुला त्यांनी, तर..." ते म्हणाले, "तर त्या खऱ्या विमानात सुद्धा आधी दांडी हलवून बघत जा हो. बसल्याबरोबर. रोज."

"तिथे तसा नियमच आहे, बाबा. उडायच्या आधी सगळ्यांना हलवून बघावंच लागतं."

"सगळ्यांना?"

"झाडून सगळ्यांना."

"मग ठीक आहे," रीडिंगवाले म्हणाले, आणि त्यांनी पट्टा सोडला.